पाम सेव्हन: महिन्याला पन्नास सेकंदांचं इंटरनेट

पाम सेव्हन म्हणजे पाम कंपनीचा १९९९ चा खिशात मावणारा, स्वतःचा बिनतारी रेडिओ असलेला संगणक. हातात घेतला की आधी नजरेत भरते ती उंची. अंग आधीच्या पाम थ्रीचंच, तेच करडं प्लास्टिक, पण डोक्याकडून वाढलेलं, कारण तिथे रेडिओ बसवलाय. वजन १९० ग्रॅमच्या आसपास. शेजारी सडपातळ पाम फाइव्ह ठेवला तर हा त्याचा गावाकडचा थोरला भाऊ वाटतो. कडेला एक चपटी अँटेना दुमडलेली आहे. ती उभी केली की यंत्र आपोआप चालू होतं आणि थेट पाम-नेटचे, म्हणजे पामच्या बिनतारी इंटरनेट सेवेचे, आयकॉन समोर येतात. मे १९९९ मध्ये न्यूयॉर्क परिसरात विक्रीला आला तेव्हा किंमत होती ५९९ डॉलर. ऑक्टोबरात अमेरिकाभर पोचेपर्यंत ती ४९९ वर आली.

बाकी यंत्राबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १६ मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, २ एमबी मेमरी, १६० बाय १६० ठिपक्यांचा करडा पडदा, दोन ट्रिपल-ए सेल, लिहायला ग्राफिटी, म्हणजे पडद्यावर काडीने ठरावीक खुणांची अक्षरं काढायची. डायरी, पत्ते, कामांची यादी, टिपणं ही सगळी नेहमीची पामची अ‍ॅप्स आहेत आणि नेहमीसारखीच झटपट उघडतात. पुढच्या वर्षी सेव्हन-एक्स आला, त्यात मेमरी ८ एमबी झाली. आज घ्यायचाच असेल तर तोच बघा, दोन एमबी फार लवकर भरते.

खरी गंमत रेडिओत आहे. हा मोबाईल फोनचा रेडिओ नव्हे. बेलसाउथ या अमेरिकी टेलिफोन कंपनीचं मोबिटेक्स नावाचं डेटासाठीच उभारलेलं नेटवर्क तो वापरायचा. मोबिटेक्स मूळचं स्वीडनचं, एरिक्सन आणि तिथल्या सरकारी टेलिफोन खात्याने मिळून बनवलेलं, १९८६ पासून चालू. वेग सेकंदाला ८ किलोबिट, म्हणजे कागदावर एक किलोबाइट. त्या काळातलं घरचं डायल-अप मोडेमसुद्धा याच्या सात पट धावायचं. अशा नळीतून वेबपान ओतायला गेलं तर एका पानाला मिनिटं लागतील, हे पामच्या इंजिनिअरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ब्राउझर दिलाच नाही. दिलं ते वेब क्लिपिंग.

हवामानाचं उदाहरण घेऊ. आयकॉनवर टिचकी मारली की जे पान उघडतं ते हवेतून आलेलं नसतं. फॉर्म, बटणं, चित्र, सगळं आधीच यंत्राच्या मेमरीत असतं. या छोट्या फायलींना पीक्यूए म्हणत. शहराचं नाव लिहायचं आणि बटण दाबायचं. बटणाजवळ लहरींची बारीक खूण असेल तर समजायचं की आता रेडिओ चालणार आणि मीटर पडणार. यंत्राकडून जातो तो फक्त प्रश्न, काही मोजके बाइट. पामच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर खरी साइट उघडतो, एचटीएमएल, म्हणजे पानाच्या मांडणीच्या खुणा, सोलून काढतो, उरलेला गर आवळून परत पाठवतो. दहा-बारा सेकंदांत पाच ओळींचा अंदाज पडद्यावर. आधी मागवलेली उत्तरं हिस्टरीच्या यादीत राहतात. ती परत बघायला पैसे पडत नाहीत, आणि हे ज्याला ठाऊक नव्हतं तो तेच हवामान दिवसातून चारदा विकत घ्यायचा.

साइटवाल्यांसाठी नियम कडक होते. फ्रेम नाहीत, जावास्क्रिप्ट नाही, कुकी नाही. चित्र १५३ ठिपक्यांपेक्षा रुंद चालत नाही. पान पामसाठी बनवलं आहे असं सांगणारा मेटा टॅग नसेल तर सर्व्हर चित्रं काढून टाकायचा आणि मजकूर १०२४ बाइटांवर कापायचा. त्यामुळे पत्ता टाइप करून कुठलीही साइट उघडून बघणाऱ्याची निराशाच व्हायची. मेन्यूच्या तीन ओळी दिसायच्या आणि पान संपायचं. ज्यांनी मनापासून पीक्यूए बनवल्या त्यांचं काम मात्र आजही शिकण्यासारखं आहे. फॉर्ममध्ये झिपकोडची, म्हणजे अमेरिकी पिनकोडची, एक खास खूण ठेवली की सर्व्हर तिथे जवळच्या टॉवरचा पिनकोड भरायचा. म्हणजे जवळचं एटीएम कुठे, जवळचं थिएटर कुठलं, हे जीपीएसशिवाय विचारता यायचं. टॉवर शेजारच्या उपनगरात असला की उत्तर तिकडचं यायचं, पण १९९९ साली खिशातल्या यंत्राला आपण कुठे आहोत याचा अंदाज असणं ही लहान गोष्ट नव्हती.

आता बिलाकडे. मूळ योजना महिन्याला ९.९९ डॉलर, त्यात ५० केबी. वाचताना चूक नाही, केबीच. पामच्या हिशोबाने म्हणजे सुमारे १५० पडदे, दिवसाला पाच. वरची योजना २४.९९ डॉलरला १५० केबी. मर्यादा ओलांडली की सुरुवातीला दर किलोबाइटला ३० सेंट. ५० केबी म्हणजे चारेक लाख बिट, आणि रेडिओचा वेग सेकंदाला आठ हजार. भागाकार करा: महिन्याचा अख्खा शिधा पन्नास सेकंदांच्या प्रसारणात संपतो. एका क्लिपिंगला साडेतीनशे बाइट धरले तर जादाच्या दराने एक पडदा दहा सेंटला पडतो. हवामान किंवा विमानाची वेळ बघायला दहा सेंट कोणी देईल. पण चार केबीची एक मेल पूर्ण उतरवली की सव्वा डॉलर गेला, आणि बहुतेक मेलमध्ये निम्मा भाग मागच्या मेलांची शेपटीच असते.

मेल हाच या यंत्राचा सगळ्यात कच्चा भाग. आयमेसेंजर नावाचं अ‍ॅप आणि पाम-नेटचा वेगळा पत्ता मिळायचा. ऑफिसच्या मेलला हा पत्ता माहीत नाही, म्हणजे आधी तिकडून फॉरवर्ड लावा. मेलचे पहिले ५०० वर्ण येणार, पुढचं हवं तर पुन्हा मागवायचं. आणि मुख्य म्हणजे मेल आपण होऊन येत नाही. अँटेना उभी करा, चेक करा, वाट बघा. काही नसेल तरी त्या फेरीचे बाइट गेलेच.

इथे नेटवर्कला दोष देता येत नाही. त्याच सुमारास रिसर्च इन मोशनचं ९५० हे पेजरएवढं यंत्र त्याच बेलसाउथच्या मोबिटेक्सवर चालत होतं. जानेवारी १९९९ मध्ये त्यावर ब्लॅकबेरी सेवा सुरू झाली. एक डबल-ए सेल, अंगठ्याने टाइप करायचा कीबोर्ड, ऑफिसचाच मेलपत्ता, आणि मेल आली की कमरेवर थरथर. बिल महिन्याला ठरावीक, बाइट मोजणं नाही. तेच टॉवर, तोच वेग. फरक एवढाच की त्यांचा रेडिओ सतत कान टवकारून बसायचा आणि पामचा अँटेना मिटली की झोपायचा. मोबिटेक्समध्ये बंद असलेल्या यंत्राचा निरोप नेटवर्क सांभाळून ठेवतं, तो जागं झाल्यावर पोचवतं. ही सोय दारात असून पामने वापरली नाही. वापरली ती २००२ च्या आय-७०५ या पुढच्या पाममध्ये. तोवर ब्लॅकबेरीचं नाव झालं होतं.

रेडिओ झोपवण्यामागे कारण होतं, आणि ते बॅटरीचं. मोबिटेक्सच्या रेडिओला प्रसारणाच्या क्षणी दोन वॉटपर्यंत ताकद लागते. दोन ट्रिपल-ए सेलना तेवढा करंट एका झटक्यात देता येत नाही. म्हणून आत वेगळी निकेल-कॅडमियम बॅटरी ठेवली. ती त्या ट्रिपल-ए सेलवरूनच हळूहळू भरते आणि प्रसारणाच्या वेळी एकदम ओतते. घरच्या टाकीसारखं: बारीक नळाने भरा, बादलीने उपसा. त्यामुळे नव्या यंत्रात सेल घातल्यावर सेवा चालू करण्याआधी तास-दीड तास थांबावं लागे. पाठोपाठ बऱ्याच मेल उतरवल्या की ट्रान्समीटर थकायचा आणि पुन्हा भरेपर्यंत आपण बसून. कमकुवत सिग्नल असेल तर रेडिओ परत परत प्रयत्न करतो आणि टाकी आणखी लवकर रिकामी होते. मोठ्या इमारतीच्या आतल्या भागात, तळघरात हे हटकून व्हायचं. खिडकीशी जाऊन, अँटेना सरळ उभी करून पाठवणं हाच उपाय.

सेवा अमेरिकेतल्या २६० हून अधिक शहरी भागांत होती, बाहेर कुठेच नाही. त्यामुळे न्यू जर्सीहून सुट्टीला पुण्यात आणलेला सेव्हन म्हणजे लांबट पाम थ्री, आणि देवनागरी तर त्या पडद्यावर मुळात नव्हतीच.

पाम-नेट ३१ ऑगस्ट २००४ ला बंद झालं. आज घेतलेला सेव्हन बिनतारी काहीच करत नाही, इन्फ्रारेडवरून दुसऱ्या पामला पत्ता पाठवण्यापलीकडे. तरी संग्रहासाठी घ्यायचा असेल तर सेलचं झाकण उघडूनच पैसे द्या. पत्र्यांवर पांढरी-हिरवट पूड दिसली तर सेल गळलेत. थोडी असेल तर कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. आतली निकेल-कॅडमियम बॅटरी मात्र बाहेरून दिसत नाही आणि तीही वयाने गळते. रेडिओ तसाही मुका झालाय, तेव्हा यंत्र उघडायची तयारी असेल तर ती काढून टाकलेली बरी. नवे अल्कलाइन सेल घालूनही दोन-चार दिवसांत उतरू लागले तर पहिला संशय तिच्यावर घ्या. रिचार्जेबल सेल वापरले तर व्होल्टेज १.२ असल्याने यंत्र पहिल्या दिवसापासून बॅटरी संपल्याची ओरड करतं. ग्राफिटीत शॉर्टकटची खूण, मग ठिपका, मग ७ काढलं की सेलचा प्रकार बदलता येतो, बॅटरीचं मीटर जरा ताळ्यावर येतं.

सेल बदलताना मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लावू नका. मेमरी साध्या रॅममध्ये आहे, ती तेवढाच वेळ तग धरते, मग सगळं कोरं. म्हणून आधी हॉटसिंक, म्हणजे सगळ्याची प्रत संगणकावर. त्यासाठीचं क्रेडल, म्हणजे यंत्र उभं ठेवून संगणकाला जोडायची बैठक, नऊ पिनांच्या सीरियल पोर्टचं आहे. आजच्या लॅपटॉपला यूएसबी-सीरियल अ‍ॅडॉप्टर लागेल, आणि लिनक्सवर जे-पायलट किंवा पायलट-लिंक त्याच्याशी नीट बोलतात. जोडणी मध्येच तुटत असेल तर दोन्हीकडचा वेग ९६०० वर उतरवून बघा. स्वस्त अ‍ॅडॉप्टरना वरचे वेग झेपत नाहीत.

अँटेनेची बिजागरी एकदा उघडून-मिटून पाहा. यंत्र चालू करणारं बटण तिच्या हालचालीशी जोडलेलं आहे. ढिली झाली असेल तर बॅगेतल्या बॅगेत यंत्र चालू होऊन बसतं आणि सेल संपवतं. विकणारा रेडिओच्या नावाने जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. पाम थ्री-एक्सला जेवढे द्याल तेवढेच द्या. क्रेडल मिळत नसेल तर तेवढेही नकोत.