पन्नाशी कॅरिबियनमध्ये: सेंट लुसिया, बार्बाडोस की अरुबा?

नवऱ्याची किंवा बायकोची पन्नाशी फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असेल तर सेंट लुसिया. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येत असेल तर अरुबा. आणि दोघांनाही एका जागी दोन दिवसांपेक्षा जास्त बसवत नसेल तर बार्बाडोस. आमचा कौल इतका सरळ आहे. पुढे त्याची कारणं आणि बुकिंग करताना माणसं जिथे चुकतात त्या जागा.

वाढदिवसाची तारीख पुढेमागे करता येत नाही, त्यामुळे बेट महिना बघूनच ठरवावं लागतं. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, त्यातला सर्वांत जोराचा काळ १० सप्टेंबरच्या आसपासचा. जुलै तसा बरा असतो असं ऐकायला मिळतं, पण २०२४ मध्ये बेरिल हे वादळ १ जुलैलाच ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं. या सहा महिन्यांत जायचं असेल तर तिकिटं काढाल त्याच दिवशी प्रवास विमा घ्या. वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळाची भरपाई देत नाही. हॉटेलकडून एक गोष्ट लेखी मागा: वादळ आलं तर पैसे परत मिळणार, की फक्त पुढची तारीख? पन्नासावा वाढदिवस पुढच्या वर्षी येत नाही, म्हणून हा प्रश्न एरवीपेक्षा जास्त मोलाचा.

महिन्यानंतर बघायची ती किनाऱ्याची दिशा. या भागात वारा जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून वाहतो. बेटाची पूर्व बाजू अटलांटिकच्या तोंडावर, तिथे मोठ्या लाटा आणि ओढ. पश्चिम बाजू आडोशाची, पाणी तळ्यासारखं. त्यात २०११ पासून सारगॅसम नावाच्या तपकिरी समुद्री शेवाळाची भर पडली आहे. साधारण मार्च ते ऑगस्ट या काळात त्याचे तराफेच्या तराफे पूर्वेच्या किनाऱ्यांना लागतात. ते कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हॉटेलं सकाळी किनारा साफ करून घेतात आणि भरतीबरोबर नवा ढीग येतो. वेबसाइटवरचे फोटो अर्थातच स्वच्छ दिवसाचे असतात. त्यामुळे हॉटेल आवडलं की नकाशा उघडा आणि त्याचं तोंड पश्चिमेला आहे ना ते बघा. सूर्यास्तही त्याच बाजूला दिसतो.

सेंट लुसिया आमच्या मते दोघांच्या खास सहलीसाठी या तिघांतलं सर्वांत देखणं बेट. ग्रो पितों आणि पेती पितों हे दोन सुळके समुद्रातून थेट उभे राहतात. युनेस्कोच्या नोंदीनुसार त्यांची उंची ७७० आणि ७४३ मीटर, आणि २००४ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहेत. कोकणकड्याची सवय असलेल्या डोळ्यांनासुद्धा हे दृश्य नवं वाटतं, कारण इथे कड्याच्या पायाशी थेट निळं पाणी आहे.

या बेटावर नेहमीची चूक विमानतळापासून सुरू होते. लांब पल्ल्याची विमानं दक्षिण टोकाच्या ह्युअनोरा विमानतळावर उतरतात, आणि बरीचशी हॉटेलं उत्तरेला, रॉडनी बेकडे आहेत. मधला रस्ता डोंगरातून वळणावळणाने जातो, दीड तास सहज लागतो. गाडी लागणाऱ्या माणसाने विमानातच गोळी घेतलेली बरी. पितोंजवळचं सूफ्रिएर गाव मात्र विमानतळापासून पाऊण ते एक तासावर आहे. पाच-सहा रात्रींची सहल असेल तर सगळ्या रात्री सूफ्रिएरच्या बाजूला काढाव्यात, असं आमचं ठाम मत आहे. उत्तरेला रदुई हा सोनेरी वाळूचा लांब किनारा आहे, बाजार आहे, ग्रोझ इलेची शुक्रवार रात्रीची नाचगाण्याची जत्रा आहे. हे सगळं चांगलंच आहे, पण पितों खिडकीत नाहीत. सूफ्रिएरकडचे किनारे लहान आणि ज्वालामुखीच्या काळपट वाळूचे. दोन पितोंच्या मधल्या प्रसिद्ध किनाऱ्यावरची पांढरी वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे. काळी वाळू दुपारी बारानंतर अनवाणी चालू देत नाही, चपला जवळ ठेवा.

खोलीबद्दल एकच प्रश्न आधी विचारा: खोलीपासून समुद्रापर्यंत पायऱ्या किती? सूफ्रिएरकडची बहुतेक हॉटेलं उतारावर बांधलेली आहेत आणि काही ठिकाणी ही संख्या शंभरावर जाते. गुडघे कुरकुरत असतील तर खालच्या पातळीवरची खोली किंवा ने-आण करणारी गाडी लेखी पक्की करून घ्या. जेड माउंटनसारख्या हॉटेलात खोलीला चौथी भिंतच नाही. समोर पितों, आणि बहुतेक खोल्यांत स्वतःचा पोहण्याचा तलाव. एसी नाही, टीव्ही नाही. पहाटे पक्षी खोलीत डोकावतात आणि संध्याकाळी डास येतात, म्हणून पलंगाला मच्छरदाणी असते. गारव्याशिवाय झोप न लागणाऱ्याने इथे पैसे घालू नयेत. बाकीच्यांना पन्नाशीच्या सकाळी याहून सुंदर जाग येणार नाही.

सूफ्रिएरजवळच्या सल्फर स्प्रिंग्जमध्ये गरम पाणी आणि चिखलाची आंघोळ करता येते. उत्तरेकडून येणाऱ्या बोटींची गर्दी साधारण अकरा ते दोन असते, तेव्हा सकाळी लवकर किंवा तीननंतर जा. निघण्याआधी जोडवी, चांदीची साखळी, चांदीची अंगठी खोलीतच काढून ठेवा. गंधकाने चांदी तासाभरात काळी पडते आणि बोटातली जोडवी ओल्या बोटांनी तिथेच काढताना हमखास चिखलात जातात. पोहण्याचे कपडे गडद रंगाचे आणि जुने घाला, पांढऱ्यावर पडलेला डाग निघत नाही. चिखल अंगाला लावायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग आधी थंड पाण्याने धुऊन गरम कुंडात उतरायचं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर कुंडात दहा मिनिटं पुरे.

ग्रो पितों चढायचा असेल तर स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. जाऊन-येऊन चार तास धरा. जो सिंहगड नियमित चढतो त्याला दम पुरतो, पण पायऱ्या उंच दगडांच्या आहेत आणि उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो. सकाळी सातला सुरुवात, माणशी दोन लिटर पाणी. आणि ही चढाई वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ठेवू नका.

बार्बाडोसला डोंगर नाहीत. बेट प्रवाळाच्या चुनखडीचं, म्हणून पश्चिमेचं पाणी काचेसारखं स्वच्छ. होलटाउनपासून पेन्स बेपर्यंत उथळ, शांत समुद्र आहे आणि कासवं पोहताना दिसतात. पूर्वेला बाथशेबा बघायला जावं, पण तिथे पोहू नये. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला ताज्या माशांचा बाजार भरतो, मासे खाणाऱ्यांनी सहलीत एक शुक्रवार येईल असंच तिकीट काढावं. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, स्थानिक परवाना भाड्याची गाडी देणाराच काढून देतो. आणि क्रिकेटवेड्या माणसाची पन्नाशी असेल तर ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल आहेच. २९ जून २०२४ ला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक घेतला तो इथे. सूर्यकुमार यादवने शेवटच्या षटकात झेल घेतला ती सीमारेषा प्रत्यक्ष बघायला मिळणं, मुंबईकरासाठी याहून मोठी भेट कुठली?

किनाऱ्यावर एक झाड ओळखून ठेवा: मँचिनील. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं, गोड वासाचं आणि विषारी. चिकाने अंगावर फोड येतात, त्यामुळे पाऊस आला म्हणून त्याच्या खाली उभं राहायचं नाही. बार्बाडोसमध्ये बऱ्याच झाडांच्या खोडाला तांबडा पट्टा किंवा पाटी असते. सेंट लुसियातही हे झाड आढळतं.

अरुबा व्हेनेझुएलाच्या जवळ, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. हिरवळ शोधू नका, निवडुंग आणि खडक. ईगल बीचची पांढरी वाळू मात्र अप्रतिम. वारा इतका सततचा की झाडं एका बाजूला वाकून वाढलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरला हा वारा पडतो, तेव्हा उकाडा जास्त आणि पाणी शांत. बाकीच्या महिन्यांत वाळूवरच्या जेवणाला मेणबत्त्या टिकत नाहीत, काचेच्या चिमण्या मागून घ्या. अमेरिकेला परतताना अमेरिकन इमिग्रेशन अरुबाच्याच विमानतळावर होतं, दोनदा तपासणी होते. तीन तास आधी पोहोचा.

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी बेट निवडण्याआधी पासपोर्ट उघडावा. व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीहून नव्या शिक्क्याशिवाय परत येण्याची सवलत कॅरिबियनसाठी एच-वन-बीवाल्यांना लागू नाही, परत यायला नवा शिक्का लागेल. अशांनी पोर्तो रिको किंवा यूएस व्हर्जिन आयलंड्सचं सेंट जॉन बघावं. ती अमेरिकेचीच भूमी आहे. व्हर्जिन आयलंड्सहून परतताना कागदपत्रं तपासतात, मूळ आय-७९७ (एच-वन-बी मंजुरीचं पत्र) बरोबर असू द्या. मुंबईहून निघणाऱ्यांनी अमेरिकेमार्गे तिकीट काढलं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनहून बार्बाडोसला थेट विमान आहे, साधारण साडेआठ-नऊ तासांचं.

दर वाचताना चलन बघा. सेंट लुसियाच्या पाटीवरचा डॉलर बहुधा पूर्व कॅरिबियन (ईसी) असतो, २.७० ला एक अमेरिकन डॉलर. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे एक अमेरिकन. टॅक्सीत बसण्याआधी "यूएस की ईसी?" एवढं विचारलं तर ५४ डॉलरचे २० होतात. हॉटेलच्या दरात कर आणि सर्व्हिस चार्ज धरलाय का हेही विचारा, तो वेगळा लावला तर बिल बरंच फुगतं.

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही, फक्त नीट विचारावं लागतं. कॅलालू म्हणजे अळूच्या पानांचं नारळाच्या दुधातलं सूप, आपल्या फदफद्याचं चुलत भावंडच. पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असू शकतं. कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात तो इथे निखाऱ्यावर भाजून देतात, वरून लोणी लावलं की पोटभर होतो. रोटी मागितली की बटाटा-छोल्यांचं सारण गुंडाळलेली पोळी मिळते. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणू नका. मासा नको, चिकनचा रस्सा नको, अंडं चालतं की नाही, असं सुटं सुटं सांगा.

केकचंही तसंच. बिनअंड्याचा केक हवा असेल तर किमान दहा दिवस आधी ईमेल करा, त्यात जिलेटिन नको हेही लिहा, आणि उत्तर कुणाकडून आलं त्याचं नाव जपून ठेवा. आयत्या वेळी सांगितलं तर फळांची सजवलेली थाळी येते. किनाऱ्यावरचं खास जेवण ठरवताना वेळ सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीची सांगा. डिसेंबरमध्ये सेंट लुसियाला पावणेसहालाच सूर्य बुडतो आणि संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. हॉटेलं सवयीने साडेसातची वेळ देतात, तेव्हा समोर फक्त काळोख असतो.