नातवाच्या औषधाची खिडकी: इंदूरच्या एका एआरटी केंद्राबद्दल

लोक कचोरीच्या दुकानांना तारे देतात, मग मीही देते. पाचपैकी साडेतीन. एआरटी केंद्र म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात ते. केंद्राचं नाव लिहीत नाही, माझंही नाही. इंदूरची मराठी मंडळी म्हणजे रामबागेत शिंकलं की सुदामानगरातून ‘काय गं, सर्दी का?’ म्हणून फोन येतो.

नातू 2012 चा. मुलीच्या बाळंतपणात हिमोग्लोबिन झालं, साखर झाली, सोनोग्राफी तर दोनदा झाली. एचआयव्हीची तपासणी तेवढी राहिली. खाजगी नर्सिंग होम होतं, बिल भरपूर होतं, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. आईला एचआयव्ही असून काहीच उपाय केला नाही तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना आईकडून लागण होते; आईचं औषध वेळेवर सुरू झालं आणि बाळाला नेव्हिरॅपिन हे लागण टाळणारं औषध मिळालं तर पाचांहून कमी. हे मला केंद्रातल्या काउन्सेलर मॅडमनी सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. जावई आधी गेले, मुलगी 2015 साली. पोर दोन वर्षांचं असल्यापासून मीच त्याला या केंद्रात नेते आहे.

औषधाला पूर्ण गुण. सगळं फुकट, तपासण्यांसकट. देशात ही मोफत सोय 2004 पासून आहे आणि मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम 2006 पासून. पण सुरुवातीचं ते लोपिनावीरचं सिरप! कडू म्हणजे कारलं परवडलं, वर 42 टक्के अल्कोहोल. ‘अम्माजी, फ्रिज है ना घर में?’ हा खिडकीवरचा पहिला प्रश्न. सकाळ-संध्याकाळ पोराला मांडीत आवळायचं, आधी बर्फाचा खडा चोखायला देऊन जीभ बधिर करायची, मग सिरप, त्यावर लगेच गूळ. तरी निम्म्या वेळा माझ्या पदरावर ओकायचा. त्या डागांचा वास साबणाने जात नाही. 2017 साली तर हेच सिरप देशभर मिळेनासं झालं, मुलांनी पंतप्रधानांना पत्रं लिहिली. ज्या औषधाच्या नावाने रोज बोटं मोडायची, त्याच्यासाठी मी तेव्हा देव पाण्यात घातले होते.

आता काय मजा आहे बघा. गेल्या वर्षी बाकावर शेजारी एक मुलगी तान्ह्याला घेऊन बसली होती. तिने पर्समधून छोटी स्टीलची वाटी काढली, त्यात चमचाभर पाणी, पाण्यात एक बारकी गोळी. ती विरघळली आणि स्ट्रॉबेरीचा वास सुटला. डोल्युटेग्रावीर, 10 मिलिग्रॅम, चार आठवड्यांच्या बाळालाही चालतं. बाळाने वाटीची कडसुद्धा चाटली. पूर्वी हे औषध फार महाग पडायचं. आपल्याच देशात बनायला लागलं आणि 2020 च्या शेवटी एका मुलाला वर्षाला 36 डॉलरच्या आसपास आलं. मला त्या मुलीचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आमच्या बाळराजांना ही गोळी मिळालीच नाही, तोवर त्यांचं वजन वाढून ते मोठ्यांच्या गोळीला लागले होते. तीस किलो झाल्यावर तीन औषधांची मिळून रोज एकच गोळी. बाटली दप्तरात खुळखुळते म्हणून आम्ही वर कापूस कोंबतो. गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नका, आतली ती ओल शोषणारी पुडी फेकू नका. मी हिंगाच्या डबीत काढल्या होत्या आणि बोलणी खाल्ली.

आता दीड तारा कुठे कापला ते.

अर्धा खिडकीवर. पर्ची घेतली की आडनावासकट मोठ्याने पुकारा. एचआयव्हीचा 2017 चा कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, गुप्तता पाळायची म्हणून त्यात लिहिलंय. मी छापून नेला होता. खिडकीवरचे भाऊ म्हणाले, ‘अम्माजी, आप तो वकील निकलीं.’ पुढच्या खेपेपासून नंबर पुकारू लागले, दोन महिने टिकलं. त्याच कायद्यात असंही आहे की घरात एचआयव्ही असेल आणि घर सांभाळणारं बारा ते अठरा वयाचं मोठं भावंड समजूतदार असेल, तर धाकट्याच्या उपचारासाठी त्याला पालक म्हणून उभं राहता येतं. तरी एका सोळा वर्षांच्या पोरीला भावासकट परत पाठवत होते, ‘किसी बड़े को लाओ.’ तो कागद माझ्या पर्समध्ये होताच.

अर्धा वेळेचा. केंद्र उघडं असतं ते नेमकं शाळेच्या वेळात. तीन महिन्यांचं औषध एकदम देतात, पण रक्ताची तारीख वेगळी, डॉक्टरांची वेगळी. शाळेत किती वेळा ‘पोट दुखतं’ म्हणून लिहायचं? वर्गशिक्षिकेने एकदा मला ओव्याचा अर्क सुचवला.

उरलेला अर्धा कापलाय, पण तो केंद्राचा की माझा, याचा अजून निकाल लागलेला नाही.

दर खेपेला खिडकीवर उरलेल्या गोळ्या मोजतात. ट्रेमध्ये ओतून चपट्या पट्टीने दोन-दोन सरकवतात, दहा सेकंदांत हिशेब. आमचा हिशेब कायम चोख. मला त्याचा अभिमान होता. बँकेत नोकरी केली आहे, ताळा जमला की बरं वाटतं. 2024 च्या उन्हाळ्यात त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, आला हजाराच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकते का? मी तावातावाने म्हटलं, मोजा की तुम्हीच!

त्याच आठवड्यात कुलरची खस बदलायला काढली. मागच्या जाळीच्या खाली, टाकीच्या कडेला, चुन्यासारखा पांढरट थर. मला वाटलं पाण्याचा क्षार. नखाने खरवडला तर फुगलेल्या, भुगा झालेल्या गोळ्या. एकदोन अजून अख्ख्या होत्या. रोज बाटलीतून एक काढायची, आजीसमोर तोंडात टाकायची, पाणी प्यायचं आणि कुलरपाशी जाऊन थुंकायची. ट्रेवरचा हिशेब बरोबर येणारच ना.

काउन्सेलर मॅडम तो आठ वर्षांचा असल्यापासून माझ्या मागे लागल्या होत्या: थोडं थोडं सांगायला लागा, सहा ते बारा या वयात हळूहळू सांगून व्हायला हवं. मी दर वेळी म्हणायचे, मुंज होऊ दे, पाचवी होऊ दे. त्याला घरी ‘ताकदीची गोळी’ एवढंच माहीत. धावण्यात पहिला येणाऱ्या मुलाला ताकदीची गोळी कशाला लागते, हा प्रश्न त्याला पडणारच होता. आणि केंद्रानेही मला इतकी वर्षं पुढे ढकलू दिलं. मधल्या काळात मॅडम दोनदा बदलल्या, नव्या बाईंनी फाइल पहिल्यापासून वाचायला घेतली, ट्रेवरचा आकडा मात्र सगळ्यांनी पाहिला.

आताच्या मॅडमनी मला खोलीबाहेर बसवलं. पाऊण तास. मध्ये एकदा आतून हसण्याचा आवाज आला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. नंतर त्यांनी मला आत बोलावलं आणि त्यालाच म्हणाल्या, तू सांग. तो जमिनीकडे बघत म्हणाला, ‘बाटलीवरचं नाव मी फोनवर टाकलं होतं. सहावीत.’ मग जरा थांबून, ‘तू सांगशील म्हणून वाट बघत होतो.’

तीन महिने मॅडमनी त्याला दर पंधरा दिवसांनी बोलावलं. गोळी रात्री साडेआठला, जेवणाच्या ताटाबरोबर, मी बघायचं नाही असं त्यांच्यात ठरलं. पुन्हा तपासलं, लोड खाली आला होता. परतताना राजवाड्याला मॅजिक गाडीतून उतरून पोहे खाल्ले. त्याने माझ्या वाट्याची शेवही उचलली.

म्हणून या मॅडमना वेगळे पाच तारे, त्यांची बदली होऊ नये एवढंच. कुणाला विचारायला लाज वाटत असेल तर 1097 या नंबरावर फोन करा, पैसे पडत नाहीत. जाताना जुनी बाटली न्या, पाणी न्या. पंखा औषधाच्या खिडकीजवळ आहे. पुढच्या खेपेला आत एकटाच जाणार म्हणतो. मी बाहेर बसेन. तिसऱ्या बाकाचा पाय हलतो, त्यावर बसू नका.