दहा महिन्यांचा प्रोजेक्टर आणि आम्हाला न दिसलेला कुकर

मास्तरांशी वाजलं नसतं तर हे लिहायला बसलोच नसतो. प्रोजेक्टर घेऊन दहा महिने झाले होते, मी त्याच्याबद्दलचं मत ठरवून मोकळा झालो होतो. ते मत असं: स्वस्त आहे, बरा आहे, कंपनी नालायक आहे. आता यातला फक्त पहिला शब्द शिल्लक आहे.

झालं असं. 'दशावतार' हा सिनेमा मी सप्टेंबरात थिएटरात जाऊन बघितला होता. तेव्हापासून दिलीप प्रभावळकरांचं नाव कुणी काढलं की मी सुटायचो. नोव्हेंबरात तो घरी बघायची सोय झाली, तेव्हा सगळ्यांना गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घरी बोलावलं. माडीवर सात माणसं, मिरचीभजी, चहाचा थर्मास. मास्तर मूळ पेडण्याचे. त्यांनी लहानपणापासून देवळापुढे रात्र रात्र बसून दशावताराची नाटकं बघितलीत, म्हणून खास खुर्ची त्यांना. सिनेमा संपला. मी दाद ऐकायला कान टवकारून बसलेलो. मास्तर म्हणाले, "म्हातारा फर्मास. पण रात्रीचं छायाचित्रण साफ फसलंय. कोण कुठे उभा आहे तेच कळत नाही."

मी म्हटलं, "मास्तर, थिएटरात सगळं दिसत होतं. मी स्वतः बघितलंय."

"मग हा काळोख तुझा," मास्तर म्हणाले. "आमच्या वेळी पेट्रोमॅक्सवर याहून जास्त दिसायचं."

मामेभाऊ भजी खाता खाता म्हणाला, "मागे त्या दुसऱ्या सिनेमाक पण कितेंच दिसूंक नाशिल्लें मरे!" त्यावर सगळे हसले. मी नाही हसलो. कारण तो म्हणत होता ते खरं होतं.

आता मशीनबद्दल. नेटिव्ह 1080पी (म्हणजे खरंखुरं फुल एचडी), एलसीडी, ऑटोफोकस, 14,990 रुपये. बाकी सगळं खोक्यावर छापलेलं असतंच. त्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 12,000 लुमेन (लुमेन हे उजेडाचं माप) लिहिलंय आणि तळाशी, चश्मा लावूनसुद्धा सापडणार नाही अशा अक्षरांत, 400 एएनएसआय लुमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेले. दुसरा आकडा खरा धरा, पहिला सोडून द्या. पंख्याचा आवाज आहे, पण पावसाळ्यात कौलांवर जो ताशा वाजतो त्यापुढे तो ऐकू येत नाही. आतला स्पीकर डब्यात ठेवलेल्या रेडिओसारखा आहे. जुना होम थिएटर जोडला, विषय संपला. आतली ॲप्स रखडतात म्हणून टीव्हीला लावतात ती वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावली. या स्टिकवर पुढे यायचंच आहे.

घेतला तो पैशांच्या हिशेबाने. चौघं सिनेमाला जायचं तर डिचोलीहून पर्वरी किंवा पणजी. तिकिटं, पेट्रोल, आणि मध्यंतरात तो मक्याच्या लाह्यांचा सोन्याच्या भावाचा पुडा. एका खेपेला पंधराशे सहज जातात. सरकारने 2025 च्या सप्टेंबरात तिकिटावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के केला, पण तो शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला. शंभराच्या वर 18 टक्के तसाच. मला कुठल्या मल्टिप्लेक्समध्ये शंभराच्या आतली खुर्ची दिसली तर मी तिला हार घालीन. तर दहा सिनेमांत यंत्र फिटतं, हा माझा हिशेब. तो चुकला नाही. दहा महिन्यांत चाळीसेक सिनेमे झाले.

पहिला लावला तो पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. फ्रान्सच्या कान महोत्सवात 2024 ला ग्रां प्री मिळालेला, तीस वर्षांनी तिथल्या मुख्य स्पर्धेत गेलेला भारतीय सिनेमा, आणि शेवट आपल्या शेजारच्या रत्नागिरीकडे. माझ्या अपेक्षा कौलांपर्यंत. बघून झाल्यावर आमच्या मंडळाचा एकमताने निकाल: मुंबईत वीज नाही काय, आणि सिनेमात काही घडतच नाही. मीही मान डोलावली. नंतर दोन-तीन ठिकाणी हे मत ऐटीत ठोकूनही दिलं. ते लक्षात ठेवा.

मग जुलै. पडद्याच्या उजव्या बाजूला एक करडा डाग आला. आधी वाटलं भिंतीला ओल धरली. भिंत पुसली. डाग हिरोच्या गालावर, मग पाठीवर, मग समुद्रावर. आठ दिवसांत त्याला मुळं फुटल्यासारखं दिसायला लागलं. बुरशी! गोव्यात चामड्याचा पट्टा, लग्नाचा अल्बम आणि कॅमेऱ्याची लेन्स यांना जुलैत काय होतं ते सांगायला नको. कंपनीला फोन केला. गोव्यात सर्व्हिस सेंटर नाही, आमच्या पिनकोडवरून उचलायची सोय नाही, स्वखर्चाने कुरिअर करा. केलं. मग निरोप आला: दमटपणामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. म्हटलं, मग गोव्यात विकता कशाला, खोक्यावर 'फक्त राजस्थानसाठी' असं छापा. अकरा फोन, सहा मेल, एक ग्राहक मंचाची धमकी. शेवटी गणेशचवथीच्या चार दिवस आधी साफ करून परत पाठवला, पैसे न घेता. या सगळ्यात एका फोनवर मी डागाबरोबर काळोखाचीही तक्रार केली होती. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला होता, "सर, एचडीआर बंद करून बघितलंत का?" (एचडीआर म्हणजे उजेड-सावलीतला फरक जास्त दाखवणारी चित्राची पद्धत.) मी त्याला म्हटलं, "तुम्ही मला शिकवू नका." हेही लक्षात ठेवा.

बुरशीवर उपाय सोपा आहे आणि तो मला आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. रबराची कड असलेला मोठा हवाबंद डबा घ्यायचा, त्यात सिलिका जेलची पाकिटं टाकायची, प्रोजेक्टर थंड झाला की आत. गरम ठेवू नका. जेलचे दाणे रंग बदलतात, ओले झाले की मंद आचेवर तव्यात परतायचे की पुन्हा तयार. आई म्हणते, साबुदाणा भाजतोस काय.

तर मास्तर बोलून गेले ते डोक्यातून जाईना. त्यात 20 नोव्हेंबरला इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू झाला. 2004 पासून तो आपल्याकडे आहे, दर वर्षी रजा टाकून मी पणजीला जातो, दिवसाला तीन-चार सिनेमे. आठ दिवस नीट प्रक्षेपण बघून डोळे माजतात. परत येऊन घरची भिंत बघितली आणि पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे काळा रंगच नाही. आहे तो ओल्या सिमेंटचा. रात्र म्हणून जे दिसतं ते पावसाळी संध्याकाळ.

मग वाचायला बसलो. सिनेमागृहाच्या पडद्यावर पांढरा किती उजळ असावा याचं प्रमाण 48 निट्स आहे; निट हे उजळपणाचं माप. माझे 400 लुमेन शंभर इंची चित्रावर पसरले तर गणित साधारण तिथेच येतं. म्हणजे उजेड पुरेसा आहे! घोळ काळ्याचा. एलसीडी यंत्रात दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढचं पॅनेल दार लोटल्यासारखं तो अडवतं. दार घट्ट लागत नाही, फटीतून उजेड येतो, तोच तो सिमेंटचा रंग. वर आमची माडी चुन्याने पांढरी. भिंतीवरचा उजेड बाजूच्या भिंतींवर, तिथून परत चित्रावर. हा दोष यंत्राचा आणि खोलीचा. तो पूर्ण जाणार नाही.

पण यामुळे काळा करडा होईल. माणसं गायब का होतील? इथे अडलो होतो. डिसेंबरात एकदा जेलची पाकिटं काढताना डब्याच्या तळाशी सर्व्हिसवाल्यांचा जॉबशीट सापडला. चवथीच्या गडबडीत मी तो न वाचताच टाकला होता. खाली पेनाने एकच ओळ: एचडीआर ऑफ ठेवावे.

स्टिकच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे लिहिलेलं होतं 'ऑलवेज एचडीआर'. आणि ते तसं कुणी ठेवलं होतं? मीच, जानेवारीत, पैसे मोजलेत तर सगळ्यात वरचं घ्यावं म्हणून. एचडीआरचं चित्र बहुतेक हजार निट्सच्या टीव्हीचा विचार करून केलेलं असतं. आमचं यंत्र ते घेतं, नाही म्हणत नाही, पण पेलत नाही. उजळ भाग सांभाळायच्या नादात सावल्या सगळ्या खाली दाबून टाकतं. मोठ्या पातेल्याचं मिश्रण वाटीत ओतावं तसं. बंद केलं. तीस सेकंदांचं काम. 'दशावतार' पुन्हा लावला आणि झाडांमागे झाडं दिसायला लागली.

कंपनीबद्दलचं अर्धं मत मागे घेतो. कुरिअरचे 840 रुपये मात्र विसरलेलो नाही.

मग जरा घाबरतच 'ऑल वी इमॅजिन' पुन्हा लावला, एकट्याने. त्यात नायिका प्रभाच्या घरी जर्मनीहून एक तांदळाचा कुकर येतो, तिथे गेलेल्या, वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या नवऱ्याकडून आला असावा असा. एका रात्री ती जमिनीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. लाल कुकर, दोन्ही हातांनी जवळ ओढलेला, माणसाला ओढावं तसा. जानेवारीत आम्हाला यातलं काय दिसलं होतं? एक हलणारा काळा ढीग. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं ती फरशी पुसतेय. भाचीने तर विचारलंही होतं, "एवढा वेळ काय पुसते?" आणि आम्ही निकाल दिला होता की काही घडत नाही. शेवटी समुद्रकाठची ती रोषणाईची टपरी आणि वर आकाश, तिथेही गेल्या खेपेला नुसते दिव्यांचे ठिपके होते, माणसं नव्हती.

ज्या दोन-तीन ठिकाणी ऐटीत बोललो होतो तिथे फोन करून सांगितलं. एकाने विचारलं, कुठला सिनेमा? त्याला आठवतही नव्हतं. मला बरं वाटलं आणि वाईटही.

आता उरलेल्या सिमेंटचं. बरेच सिनेमे लांबट असतात, यंत्राच्या 16:9 च्या चौकटीत वर-खाली रिकाम्या पट्ट्या राहतात, त्या आमच्याकडे करड्या चमकतात. थिएटरात पूर्वी चित्राच्या मापाने काळे पडदे सरकवायचे, ते उगीच नव्हे. चित्राच्या कडेला खरा काळा ठेवला की डोळ्याला आतला करडाही काळा वाटतो. बाजारात यासाठी मखमलीचं कापड सांगतात, मीटरला चारशे. मी आईच्या कपाटातून संक्रांतीची काळी साडी, चंद्रकळा काढली. साडेपाच मीटर, दुहेरी घडी घालून वरची पट्टी बरोब्बर बसते. खालच्या पट्टीला भाचीच्या गॅदरिंगचं काळं कापड. खर्च शून्य. फरक इतका की मास्तर खुर्चीतून उठून भिंतीजवळ गेले, साडीला हात लावून आले आणि म्हणाले, "आता बरी रात्र पडली."

घ्यावा का? पावसाळ्यात डब्यात ठेवायची शिस्त असेल आणि सेटिंगमध्ये हात घालायचा माज नसेल तर घ्या. 'धुरंधर'सारखा साडेतीन तासांचा दणका थिएटरातच जाऊन सोसा, तो या स्पीकरांचा घास नाही. डीएलपीवाला प्रोजेक्टर (एलसीडीऐवजी चिमुकल्या आरशांवर चालणारा) थोडे जास्त पैसे टाकून मिळतो, काळा बरा देतो म्हणतात. मी नाही घेणार. माझे चाळीस सिनेमे अजून फिटायचेत, म्हणजे पुन्हा बघायचेत. त्यांतले किती आम्ही अंधारात नापास केले कुणास ठाऊक. मास्तरांनी यादी करायला घेतलीय, वहीच्या सातव्या पानावर पोचलेत.

तूर्त अडचण वेगळी आहे. संक्रांत 14 जानेवारीला. आईने काल कपाट उघडून विचारलं, चंद्रकळा कोणी हलवली काय. काठाला टाचण्यांची अकरा भोकं आहेत, मोजली मी.