मराठी पीडीएफ ई-रीडरवर: रीफ्लो, रूपांतर की नुसतं आडवं धरणं?

सहा इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम ९० मिलिमीटर रुंद. ए-फोर पान २१० मिलिमीटर. म्हणजे छापातलं १२ पॉइंटचं अक्षर पडद्यावर ५ पॉइंटांच्या आसपास येतं. मग रीफ्लो सुरू होतो, अक्षरं मोठी होतात, ओळी नव्याने पडतात, आणि साहजिकच पुढची इच्छा होते ती फॉन्ट बदलायची. इथे गाडी अडते. कुठे मेनूत तो पर्यायच नसतो, कुठे असतो पण वापरल्यावर मजकुराची पार खिचडी होते.

पर्याय नसतो तो कोरीडरसारख्या ॲपमध्ये, आणि त्याला कारण आहे. कोरीडरचा पीडीएफ-रीफ्लो मजकूर वाचतच नाही. तो पानाचं चित्र घेतो, मोकळ्या जागा हेरून शब्दांचे तुकडे कापतो आणि ते अरुंद पडद्यावर पुन्हा मांडतो. तुम्ही पाहता ती अक्षरं मूळ पानातलीच, फक्त मोठी केलेली. चित्राचा फॉन्ट कसा बदलणार? आकार, ओळींमधलं अंतर, समास आणि गडदपणा एवढं मात्र हातात असतं. कोरीडरमध्ये फॉन्टची यादी दिसते ती ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपासाठी. तिथे नवे फॉन्ट टाकले तरी पीडीएफवर ढिम्म परिणाम होत नाही.

तरीही मराठीसाठी मला हीच रीत जास्त भरवशाची वाटते. शिरोरेषेमुळे शब्द सलग राहतो, त्यामुळे तो मधेच तुटण्याची भीती कमी. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या मूळ पानात असतील तशाच राहतात. स्कॅन केलेलं जुनं पुस्तकही चालतं. पान उलटायला वेळ लागतो, आणि अभंग किंवा कवितांच्या ओळी एकमेकींना चिकटू शकतात, हे मात्र सोसावं लागतं. कोबो ई-रीडरवर कोरीडर फाइली कॉपी करून बसवता येतो. किंडलवर आधी जेलब्रेक करावं, म्हणजे कंपनीने घातलेलं कुलूप तोडावं लागतं, म्हणून तिथे अनेकजण त्या वाटेला जात नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे रूपांतर. पीडीएफमधला मजकूर बाहेर काढायचा आणि ईपब किंवा किंडलच्या स्वरूपात न्यायचा. किंडलला ईमेलने फाइल पाठवताना विषयात इंग्रजीत ‘कन्व्हर्ट’ लिहिलं की हे काम ॲमेझॉन करतं. संगणकावर त्यासाठी कॅलिबर हे सॉफ्टवेअर आहे. त्यानंतर फॉन्ट खुशाल बदला. पण कॅलिबरचं स्वतःचं मार्गदर्शकच सांगतं, की रूपांतरासाठी पीडीएफ हे सर्वांत वाईट स्वरूपांपैकी एक आहे. हे इंग्रजीलाही लागू. मराठीची अडचण त्याहून खोल आहे.

श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएमसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच संकेतपद्धती) फॉन्टमध्ये जुळवलेली कितीतरी पुस्तकं पीडीएफ होऊन फिरत आहेत. त्यांत डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह असतं. फॉन्ट बदलला की तो मुखवटा उतरतो आणि पानभर अगम्य रोमन अक्षरं उरतात. युनिकोडमध्ये जुळवलेली फाइलही निर्धास्त नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते, म्हणून ‘किती’ हा शब्द बाहेर पडताना ‘िकती’ होऊ शकतो, आणि जोडाक्षरं गळतात.

म्हणून ठरवण्याआधी एक चाचणी करा. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून फोनच्या नोंदवहीत चिकटवा. स्वच्छ मराठी आली तर रूपांतर करा, उत्तम जमेल. रोमन गडबडगुंडा आला तर त्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर शोधा किंवा ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्या. ओळ निवडताच आली नाही तर ते स्कॅन आहे, तिथे ओसीआरच. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे. गूगल ड्राइव्हवर फाइल टाकून ती डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर मिळतो. मुद्रितशोधन मात्र तुमच्या गळ्यात. पुन्हापुन्हा वाचायच्या पुस्तकासाठी ही मेहनत ठीक. एकदा चाळायच्या अहवालासाठी नाही.

आणि यंत्र नुसतं आडवं धरण्याचा फुकटचा उपाय लोक विसरतात. मराठी पुस्तकं बहुधा डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. समास कापले तर मजकुराची रुंदी साधारण १०५ ते ११० मिलिमीटर उरते, आणि आडव्या सहा इंची पडद्याची रुंदी १२० मिलिमीटर. अक्षर छापील पुस्तकाहून थोडं मोठंच दिसतं! एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागतं इतकंच. फॉन्ट जुनाच राहतो, पण फिकट वाटला तर गडदपणा वाढवता येतो. खरं तर फॉन्ट बदलावासा वाटतो त्यातल्या निम्म्या वेळा तक्रार अक्षराच्या वळणाची नसते, फिकटपणाची असते.

माझा कौल असा: डेमी पुस्तक असेल तर आडवं धरा, ए-फोर अहवाल आणि स्कॅन यांना कोरीडरचा रीफ्लो, फॉन्टचाच आग्रह असेल आणि चाचणी पास झाली असेल तरच रूपांतर. त्या वाटेने गेलात तर फॉन्टही जपून निवडा. किंडल आणि कोबो दोन्हींवर ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइल टाकली की झालं. ‘मुक्त’ ठसठशीत आहे, ई-रीडरच्या ई-इंक पडद्यावर लहान आकारातही टिकतो. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये ल आणि श मराठी वळणाचे मिळतात, पण त्याच्या बारीक रेषा जुन्या, कमी रिझोल्यूशनच्या पडद्यावर पुसट होतात, तिथे आकार एक पायरी वाढवून ठेवा.