सियागंजातला ‘गर्भिणी काढा’: सुंठ चालेल, ज्येष्ठमध नको

इंदूरच्या सियागंजात जडीबुटीच्या एका दुकानात ‘गर्भिणी काढा’ म्हणून १०० ग्रॅमची पुडी मिळते. वास ताजा, दळण बारीक, पाकीट नीट बंद. तरीही गरोदर लेकी-सुनेसाठी ती घेऊ नका.

लेबलवर सुंठ, बडीशेप, जिरे, वेलदोडा, शतावरी, ज्येष्ठमध, अश्वगंधा अशी नावं आहेत. कोणतं किती, ते नाही. मात्रा मात्र छापली आहे: दोन चहाचे चमचे, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज ८-१० ग्रॅम चूर्ण पोटात. त्यात चौथा हिस्सा सुंठ धरली तरी ती दोन ग्रॅम किंवा जास्तच झाली. गरोदरपणातल्या मळमळीवरच्या बहुतेक अभ्यासांत सुंठ रोज १ ग्रॅमच्या आसपास दिलेली आहे.

पण मोठी अडचण ज्येष्ठमधाची. घसा बसला की आपल्या घरांत त्याची कांडी सर्रास चघळतात, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. त्यातलं ग्लिसिरायझिन जास्त गेलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बाळापर्यंत फार पोचू नये म्हणून वारेत एक एन्झाइम राबत असतं. ग्लिसिरायझिन नेमकं त्यालाच अडवतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या फार आवडीने खातात, आणि तिथेही २०१६ पासून गरोदर बायकांना त्या टाळायला सांगतात.

अश्वगंधा या दिवसांत नकोच. शतावरी वैद्य गर्भिणीला देतात, पण तपासून, मात्रा ठरवून. पुडीतून अंदाजाने नव्हे. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी क्रमांक आहे, म्हणजे हा माल खाद्यपदार्थ म्हणून विकला जातो. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याचा क्रमांक कुठेच नाही.

याच दुकानातली सुटी सुंठ मात्र उत्तम: कोरडी, टणक, किडीची भोकं नाहीत. ती घ्या. पाव चमचा पूड, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळून गाळायची. दिवसातून दोनदा, त्याहून जास्त नाही. छातीत जळजळ होत असेल तर निम्मीच. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पोह्यांवरची बडीशेप, भाजीतली हळद, फोडणीतले जिरे खुशाल खा.

पुडी आधीच सुरू केली असेल तर आजच थांबवा, रक्तदाब मोजून घ्या आणि पुढच्या तपासणीला पाकीट सोबत न्या. डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा चेहरा-हात सुजले असतील तर तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.