रीफर कंटेनर नागपुरात भरावा की न्हावाशेव्याला?

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यातले बरेच संत्रावाले आता एकट्या बांगलादेशावर भिस्त ठेवायला तयार नाहीत. तिकडचं आयात शुल्क गेल्या काही वर्षांत चढतच गेलं आणि संत्र्याची ती वाट अरुंद झाली. मग आखाताचा विषय निघतो आणि रीफर, म्हणजे आतला माल थंड राखणाऱ्या कंटेनरची चौकशी सुरू होते. न्हावाशेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अलीला थेट जहाज मिळालं तर चार-पाच दिवसांचा समुद्र. खरी कसोटी त्याआधीच्या साडेआठशे किलोमीटरची. कंटेनर नागपुरात मागवून पॅकहाऊसच्या दारात भरायचा, की माल रीफर ट्रकने पनवेल-उरणकडच्या कोल्ड स्टोरेजला नेऊन तिथे कंटेनरमध्ये चढवायचा?

मी दोन्ही तऱ्हांनी माल पाठवलाय. तुमचा हिशेब माझ्यापेक्षा वेगळा असू शकतो, हे धरूनच पुढचं वाचा.

पैशाच्या बाजूने बंदरावर भरणं सरळसरळ स्वस्त पडतं. नागपुरात रीफरमधून येणारा आयात माल फार नसतो, त्यामुळे इथे रिकामा रीफर सहसा मिळत नाही. तो न्हावाशेव्याहून रिकामा यायचा आणि भरून परत जायचा, म्हणजे जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं आपल्या माथी. ट्रकवाल्याला मात्र परतीचा माल मिळतो, तो एकेरी भाड्यात तयार होतो. शिवाय जहाज पुढे ढकललं गेलं तर माल कोल्ड स्टोरेजमध्ये थांबवता येतो, बंदराचं गेट कधी बंद होतं या धास्तीने झोप उडत नाही. अख्खा कंटेनर भरण्याइतका माल नसेल तर तिथे डाळिंबवाला जोडीदारही सापडतो, दोन्ही फळांचं तापमान बऱ्यापैकी जुळतं. द्राक्षवाल्याशी मात्र जमवू नका, त्याला शून्याच्या आसपास हवं असतं आणि आपल्याला सहा-सात अंश.

इतकं सगळं त्या बाजूने असूनही मी नागपूरकडे झुकलो, त्याचं कारण एकच: घाम.

सहा अंशांवरचा संत्रा पनवेलच्या हवेत निघाला की मिनिटाभरात फळावर आणि पेटीवर पाणी धरतं. ट्रकचं दार उघडलं, पेट्या धक्क्यावर उतरल्या, मोजल्या, पुन्हा कंटेनरमध्ये चढल्या. या सगळ्यात घाईगडबड नसली तरी दोन-तीन तास सहज जातात. फेब्रुवारी-मार्चातही किनाऱ्याच्या हवेत इतका ओलावा असतो की थंड फळ कोरडं राहूच शकत नाही. एकदा हमालाने मला हाक मारली, “शेठ, ही बघा, खालून नरम पडली.” पेटी उचलली तर तळाचा पुठ्ठा बोटाने दबत होता आणि चिकटपट्टीची कड सुटून वर आली होती. अशा पेटीवर अजून सात थर चढायचे असतात. पुठ्ठा ओला झाला की त्याची भार पेलण्याची ताकद पार उतरते. खालचा थर बसतो, पेटीची भोकं बुजतात आणि फरशीतल्या खाचांमधून वर येणारी थंड हवा तिथेच अडते. मशीन बिचारं चालूच असतं, पण मधल्या फळापर्यंत हवा पोचत नाही.

दुसरं नुकसान बुरशीचं. आपल्या संत्र्याची साल ढिली, हीच त्याची खासियत आणि हेच त्याचं दुखणं. पंजाबचा किन्नू सोसतो तशी आदळआपट हा सोसत नाही. प्रत्येक उचल-ठेवीत देठापाशी सालीला बारीक इजा होते, आणि ओल्या सालीवरच्या इजेतून हिरवी बुरशी आत शिरते. धक्क्यावर काहीच दिसत नाही. दिसतं ते दुबईच्या खरेदीदाराने पेटी उघडून पाठवलेल्या फोटोत. तेव्हा वाद घालायला हातात काही नसतं, कारण ट्रकच्या लॉगरची, म्हणजे तापमान टिपणाऱ्या यंत्राची, नोंद चांगली असते, कंटेनरचीही चांगली असते आणि मधल्या दोन तासांची नोंद कुणाकडेच नसते. मला सर्वांत जास्त खुपलं ते हे.

नागपुरात हीच पेटी प्रीकूलिंगच्या, म्हणजे फळ आधी गार करायच्या, खोलीतून थेट कंटेनरमध्ये जाते. मृग बहाराचा माल निघतो तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात, आपली हवा खडखडीत कोरडी असते. मार्चच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. फळाला घाम फारच कमी येतो. ऑक्टोबरापासून निघणाऱ्या आंबिया बहाराला हा फायदा थोडा कमी मिळतो. ऑक्टोबरात पावसाची ओल पुरती गेलेली नसते, तेव्हा पहाटे न भरता जरा ऊन चढल्यावर भरणं मला बरं वाटतं. माणसं आपली, त्यामुळे थर कसे लावायचे, भोकावर भोक कसं आणायचं, कंटेनरमधल्या भरण्याच्या मर्यादेच्या लाल रेषेच्या वर पेटी का न्यायची नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. भरताना मशीन बंद ठेवायचं, नाहीतर बाहेरची हवा आत ओढून कॉइलवर बर्फ धरतो. २०१७ पासून सेल्फ सीलिंग आल्याने इलेक्ट्रॉनिक सीलही आपणच लावतो. कस्टमने तपासणीला काढलाच नाही, तर दार उघडतं ते थेट खरेदीदाराकडे.

या मार्गाचं दुखणं म्हणजे जेनसेट, रस्त्यात कंटेनरच्या मशीनला वीज देणारा डिझेल जनरेटर. डिझेल वाचवायला रात्री मशीन बंद करणारे चालक भेटतात, हे खोटं कशाला बोलू? मी यावर एक साधा उपाय धरलाय. भाडं ठरवतानाच सांगायचं की दर थांब्यावर मशीनच्या डिस्प्लेचा फोटो पाठवायचा, त्यात सेट पॉइंट (ठरवलेलं तापमान), सप्लाय (आत सोडलेली हवा) आणि रिटर्न (परत येणारी हवा) तिन्ही आकडे दिसले पाहिजेत. “भाऊ, फोटो टाक रे” एवढा एक फोन पुरतो. लॉगर दोन ठेवतो, एक पुढच्या भिंतीपाशी आणि एक दारापाशी, कारण गडबड नेहमी दाराकडच्या रांगेत आधी कळते. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा उघडला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सलग झाला, तेव्हापासून पल्ला खूपच सोपा झालाय. वेळ खातो तो आमण्याच्या पुढचा भिवंडी-पनवेल पट्टा. कट-ऑफ, म्हणजे बंदरात कंटेनर पोचवायची शेवटची वेळ, धरताना तिथला अर्धा दिवस जादाचा मोजावा.

नागपूरच्या मिहानहून रेल्वेने कंटेनर नेण्याचा तिसरा रस्ता आहे, पण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरून सुटेपर्यंतची वाट ताज्या फळाला मानवत नाही, असं माझं मत.

गोठवलेल्या मालाचं गणित वेगळं. मटार, मक्याचे दाणे, संत्र्याच्या फोडी उणे १८ वर असतात. असा माल करणाऱ्याला मी बंदरावर भरायला नाही म्हणणार नाही. तिथल्या चांगल्या कोल्ड स्टोरेजला बंद धक्का असतो, कंटेनरचं दार थेट गार खोलीला लागतं, आणि घट्ट गोठलेला माल थोडी उचल-ठेव सहन करतो. भाड्यात वाचलेला पैसा तिथे खरोखर वाचतो. ताज्या फळातही तसाच बंद धक्का मिळत असेल तर माझा मुद्दा बराच लंगडा पडतो. मात्र आधी स्वतः जाऊन बघा, फोनवर सगळेच हो म्हणतात.

युरोपचा विचार असेल तर आणखी जपून. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा दिवस ते दोन आठवडे लांबला. इतक्या लांबच्या पल्ल्यावर सुरुवातीलाच ओली झालेली पेटी टिकेल, असं मला तरी वाटत नाही.

पहिलाच कंटेनर असेल आणि माल अर्धाच असेल, तर बंदरावर जोडीने भरा. स्वतः धक्क्यावर उभे राहा आणि उतरवणं-चढवणं रात्री उशिरा न ठेवता कामगार ताजे असताना करून घ्या. पूर्ण कंटेनरभर मृगाचा माल हाताशी असेल तर जादा भाडं मनाला लावून घेऊ नका, कंटेनर नागपुरात मागवा. बुकिंग करतानाच पीटीआयचा, म्हणजे कंटेनरचं मशीन निघण्याआधी तपासल्याचा, रिपोर्ट मागा आणि रिकामा कंटेनर आल्यावर आत उभं राहून दार लावून घ्या. कुठून उजेड येताना दिसला तर तो तिथूनच परत पाठवा. पॅकहाऊसमध्ये ४४० व्होल्टचं तीन फेजचं ३२ अँपिअरचं सॉकेट आधी बसवून घ्या, म्हणजे भरून झाल्यावर ट्रेलर निघेपर्यंत जेनसेटचं डिझेल जळत नाही.