नगरपरिषदेत सोमवारी फाईल बघायची सोय: ५ पैकी साडेतीन स्टार, पण एकदा नक्की जा

दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नगरपरिषदेत कोणीही जाऊन फाईली बघू शकतं, फुकट, माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा आधी टाकावा लागत नाही. २०१८ च्या शासन परिपत्रकाने ही सोय स्थानिक संस्थांना लागू केली, पुणे महापालिकेत तर त्याच्याही आधीपासून होती. आमच्या गावात मात्र निम्म्या लोकांना पत्ता नाही म्हणून हे लिहितोय.

मला बघायची होती कंत्राटी माणसांची फाईल. बऱ्याच कायम पदांची भरती आता राज्यावरून होते, २०२३ ला नगरपरिषद राज्यसेवेच्या १७८२ जागा निघाल्या, जाहिरात, ऑनलाइन परीक्षा, गुणवत्ता यादी, सगळं लोकांसमोर. पण आपल्या गावात रोज दिसणारे ऑपरेटर, व्हॉल्व्हमन, शिपाई, सफाईवाले, यातले बरेच ठेकेदारामार्फत लागतात आणि तिथे जाहिरात निघते ती फक्त ठेक्याची, माणसांची नाही. २०२३ मध्येच सरकारने खाजगी एजन्सीकडून भरतीचा जीआर विरोध झाल्यावर मागे घेतला तेव्हा अनेकांना वाटलं की संपलं हे प्रकरण, पण मनुष्यबळ पुरवठ्याच्या निविदा आहेत तिथेच आहेत. शेजारचा पोरगा टायपिंग, एमएससीआयटी सगळं करून बसलाय, त्याला जागा निघाली कधी आणि भरली कधी हेच कळलं नाही.

आता सर्व्हिसबद्दल. आवक-जावकच्या ताई खूप चांगल्या, रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, बसायला खुर्ची दिली, कशाला बघताय असं एकदाही विचारलं नाही (आणि कायद्याने विचारता येतही नाही). निविदा, दरांचा तक्ता, कार्यारंभ आदेश लगेच समोर आले. टिपणी वाचायला मिळाली हे सगळ्यात भारी, कारण मुदतवाढ कोणी सुचवली, लेखा विभागाने काय शेरा मारला, सही कोणाची, हे सगळं त्या हिरव्या कागदावर असतं. एका पानावर लेखापालांनी "नवीन निविदा काढावी" असं लिहिलेलं आणि त्याच्याच खाली तीन महिन्यांची मुदतवाढ मंजूर, हे वाचून खरंच वाईट वाटलं.

अडलं कुठे, तर माणसांच्या यादीवर. संबंधित बाबू म्हणाले, "माणसं ठेकेदाराची, आमच्याकडे रेकॉर्ड नाही." हे मला अजिबात पटलेलं नाही. अहो बिल पास करताना हजेरीपत्रक आणि पीएफचं चलन जोडलेलं असतं ना, त्याशिवाय पैसे सोडता कसे? आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालक म्हणून नगरपरिषदेवरच येते, मग कोण कामाला आहे हे माहीत नाही असं कसं चालेल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कर्मचाऱ्यांची यादी आणि मासिक वेतन कोणी न मागता जाहीर करायचं असतं, वेबसाइटवर कायम लोकांचं आहे, कंत्राटींचा रकानाच नाही.

मोबाईलवर फोटो काढू दिले नाहीत, वहीत उतरवून घ्यावं लागलं, दीड स्टार कापले ते यादी आणि फोटो या दोन गोष्टींसाठी.

जाणाऱ्यांसाठी: "भरतीची फाईल द्या" म्हणू नका, नाही म्हणतील. "मनुष्यबळ पुरवठा ठेक्याची देयकाची नस्ती, जोडपत्रांसह" असं मागा (देयक म्हणजे बिल, नस्ती म्हणजे फाईल), यादी असली तर तिथेच सापडेल. तीनलाच जा, साडेचारनंतर कपाटाची चावी कोणाकडे आहे ते सापडत नाही. नाहीच दाखवलं तर त्याच दिवशी जोडपत्र 'अ' (माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना) भरून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या आणि पोच घ्या, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाहीतर पहिलं अपील. मी हजेरीपत्रकांसाठी अर्ज दिलाय, पानाला २ रुपये पडतील, आणि यादी हातात आली की वॉर्डाच्या ग्रुपवर टाकणार आहे, तोवर तुमच्या गावात हे दाखवतात का ते खाली लिहा.